देशकरांकडचा राक्षसांचा पिक्चर

११ जानेवारी १९८६, शनिवार
गोदामात तिसरा आठवडा पुरा. पुढच्या गादीवर सेठनी नवा माणूस बसवला. मला म्हणाले, "वसंतराव, तुम्ही मागं आराम करा, कापडाची ठाणं लावा." गांधीबागेच्या कापडबाजारात त्याच गादीवर बावीस वर्षं लुगडी दाखवली. गिऱ्हाईक पायरी चढलं की माझं तोंड सुरू, उतरेपर्यंत बंद नाही. आता ठाणांशी बोलावं लागत नाही. सेठचं चुकलं असंही म्हणवत नाही. उजवीकडचा जबडा काढलेला माणूस लुगडं उलगडून दाखवेल, तर बाई लुगडं पाहील की मला?

गोदामाचं काम दुपारपर्यंतच, मग घरी. सुमननं मुगाचं पातळ करून ठेवलेलं. गळ्याशी पंचा बांधून बसलो. पोरीनं, शोभीनं, आपलं ताट उचललं अन् आतल्या खोलीत गेली. "अभ्यास आहे." बी.ए.चं शेवटचं वर्ष, खरंच असेल. पण ऑगस्टमध्ये ऑपरेशन झाल्यापासून नेमका जेवतानाच असतो.

१४ जाने.
संक्रांत. शेजारचे आले. "तिळगूळ घ्या, गोड..." इथपर्यंत येतात अन् अडतात. एका बाईनं तर "गोड राहा" म्हटलं. चांगलं म्हटलं.

सुमननं गूळ पाण्यात विरघळवून चमच्यानं भरवला. तीळ नाही, अडकतात. अर्धा पंच्यावर.

आरशावर आठ दिवसांपासून टॉवेल वाळत आहे. मुद्दाम नाही, म्हणते सुमन.

१९ जाने., रविवार
कोपऱ्यावरचे देशकर रेल्वेतून रिटायर झाले अन् घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ लायब्ररी उघडून बसले. आमच्या मनीषनगरात अजून निम्मे प्लॉट रिकामे, गवत कमरेएवढं, कॅसेट नेणार कोण? पण उत्साह दांडगा. खिडकीला काळं कापड लावलं, टीव्हीवर ऊन पडते म्हणून.

खोली मला आवडली. अंधार. आलेल्या माणसाचं तोंड आपोआप टीव्हीकडं.

"येत जा गा दुपारचे," देशकर म्हणाले. "मी एकटाच बसून राहतो. बोलाचं काही कामच नाही इथं." मग त्यांच्या लक्षात आलं काय बोललो ते. कॅसेटी पुसत बसले. पुसलेल्याच पुन्हा.

२२ जाने.
आज एक पिक्चर पाहिला. लिहूनच ठेवतो.

देशकर व्हीसीआरचं हेड साफ करून बघत होते. "कोणतीही खराब कॅसेट लावू, चांगली काहून खराब कराची," म्हणून गठ्ठ्यातली एक काढली. मुंबईहून गठ्ठ्यासोबतच आलेली. अंग्रेजी, बाहुल्यांची, बरीच जुनी. "पोरं भेतात, मोठे म्हणतात पोरकट आहे. एकानंही नाही नेली."

डोंगरावर मोठं हॉटेल. तिथं लग्न. पाहुणे सगळे राक्षस, भुतं, काय काय. एक रक्त पिणारा म्हातारा, त्याला दात उरले नाहीत, नळीनं टमाट्याचं सार पितो. एक पाण्यातला, जिथं बसेल तिथं डबकं, मालकीण पोछा घेऊन मागं. अन् एक तुकडे जोडून शिवलेला माणूस, धिप्पाड, सोबत त्याची बायको, तीही शिवलेलीच.

मेजवानी चालू आहे. शिवलेला माणूस काहीतरी गंमत सांगतो, स्वतःच मोठ्यानं हसतो, अन् त्याचा जबडा निखळून सूपच्या वाटीत पडतो.

देशकरांचा हात बटणाकडं गेला. मी धरला तो.

टेबलावर पंधरा-वीस जण. एकाचाही घास थांबत नाही. बायको वाटीत चमचा घालते, जबडा शोधते, रुमालानं पुसते, मिठाची बरणी सरकवावी तसा त्याच्यासमोर सरकवते. तो बसवतो, उलटा बसतो. काढून सुलटा बसवतो. अन् राहिलेली गंमत तिथूनच पुढं सांगायला लागतो.

मी हसलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा. आत कुठंतरी ताणलं गेलं, कानापर्यंत कळ गेली, तरी थांबेना. हसण्याचा आवाज कसा आला कोण जाणे. देशकर पाणी आणायला धावले.

२३ जाने.
गाल सुजला. रात्रभर ठणका. सुमन सकाळी विचारते, काय झालं. बोललेलं कळत नाही म्हणून ठेवलेल्या पाटीवर लिहिलं: हसलो.
"घसरले? कुठं घसरले?"
पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. ती पाटीकडं पाहतच राहिली. मग शेकायला फडकं गरम करून आणलं.

२७ जाने.
पिक्चर तीनदा झाला. देशकर म्हणतात, या बाहुल्या बोटभर हलवायच्या, फोटो काढायचा, पुन्हा हलवायच्या. एका घासाला दिवस जात असेल. कोणाला एवढा धीर!

मी कापडाचा माणूस, माझं लक्ष कापडावर. शिवलेल्या माणसाचा कोट खऱ्या लोकरीचा आहे, चौकडा बारीक करून घेतलेला, बाहुलीच्या मापात. असा चौकडा बाजारात मिळत नाही, कोणीतरी मुद्दाम विणला असणार. बाह्या आखूड ठेवल्या, म्हणजे हात मोठे दिसतात. हुशार शिंपी.

शेचाळीस वर्षांत कार्टून म्हणून काही पाहिलं नव्हतं. शोभी लहान असताना टॉकीजमध्ये मेन पिक्चरच्या आधी लागायचं, तेव्हा मी बाहेर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घ्यायला जायचो. एक तोंडात, एक खिशात. पोरगी आत एकटी हसत असायची.

शेवट मात्र कॅसेटवर नाही. वरात डोंगर उतरायला लागते अन् पडद्यावर मुंग्याच मुंग्या. कॉपी करणाऱ्याची टेप संपली असेल.

२ फेब्रु., रविवार
शोभीला घेऊन गेलो. चार दिवस मागं लागलो होतो पाटीवर. सुमन म्हणाली, "जा वं, बाबा एवढे म्हणून राहिले तर."

आली. माझ्या शेजारी नाही, मागच्या स्टुलावर बसली. बिनदाताच्या म्हाताऱ्यावर किंचित हसली, मी ऐकलं. मला वाटलं, जमलं. आता जबडा पडेल अन् ही हसेल, अन् मी वळून पाहीन.

जबडा पडला. मी वळलो. ती उठून उभी होती.

बाहेर गाठलं तिला. रिकाम्या प्लॉटजवळ. "हे दाखवाले आणलं होतं मले? हे?" माझ्याजवळ पाटी नव्हती. तोंडानं सांगायला गेलो, तर जे निघालं ते मलाच कळलं नाही. ती पदरानं डोळे पुसत पुढं निघून गेली.

पूर्वी रात्री जेवताना मी दुकानातली गिऱ्हाइकं करून दाखवायचो. काटोलच्या पाटलीणबाई, "लुगडं लाल पायजे पण लाल दिसाले नको" म्हणणारी एक म्हातारी. शोभीला हसून उचकी लागायची. सुमन पाणी द्यायची अन् मला रागवायची. मला तेवढंच परत पाहिजे होतं. मी काही शिकवायला नव्हतो नेलं तिला.

९ फेब्रु.
काटोलहून बाळासाहेब आले, सुमनचे थोरले भाऊ. संत्र्याचे व्यापारी, बोलणं कामापुरतं. शोभीसाठी स्थळ आणलं. वर्ध्याचा मुलगा, वीज खात्यात, नाव अविनाश. आई अन् मोठा भाऊ आहे, वडील नाहीत. पुढच्या रविवारी पाहायला येणार.

चहा झाल्यावर माझ्याजवळ सरकून बसले. "वसंतराव, राग नका मानू. पहिल्यांदाच येऊन राहिले लोक. पहिल्याच दिवशी कोणाच्या मनात काही यायले नको. एकदा पसंती झाली की मग सांगूच ना आपण. तोवर मी बसतो पुढं. मामाच आहो तिचा."

सुमन जमिनीकडं पाहत होती. आत शोभी भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

मी पाटीवर लिहिलं: ठीक.

बाळासाहेबांनी पाठ थोपटली. मी आतल्या आवाजाकडं कान लावून बसलो होतो. थोड्या वेळानं भांडी पुन्हा वाजायला लागली.

१६ फेब्रु., रविवार
दोन वाजताच देशकरांकडं जाऊन बसलो. त्यांनी तोच पिक्चर लावला.

शोभीचं लुगडं मीच निवडलं. गोदामातून आणलं, मोरपंखी, काठ बारीक. तिच्या रंगाला उठतं. सुमनजवळ दिलं अन् दुकानातून भेट म्हणून सांगायला लावलं. आज नेसली असेल.

साडेतीनला जीप गेल्याचा आवाज. मी काळं कापड बाजूला केलं नाही. पिक्चर चालू होता, माझं लक्ष नव्हतं. जबडा पडला, बसला, उलटा, सुलटा. हसू नाही आलं. देशकरही नाही हसले.

साडेपाचला जीप परत गेली. मग पंधरा मिनिटं उगाच बसलो, विसरलं काही म्हणून परत आले तर.

घरी पोह्यांचा वास. माझ्या लाकडी खुर्चीवर बाळासाहेब.

१८ फेब्रु.
पसंती आली.

सुमन सांगत होती, "मुलाच्या आईनं विचारलं वडील कुठं आहेत. दादाच्या तोंडून काही निघेचना. शोभीच बोलली पटकन, बाबा मुंबईले आहेत, उपचाराले. पोरगी हुशार हो!" सांगताना तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, अन् मग एकदम नव्हता.

मुंबईला. मी मुंबई पाहिली नाही.

१ मार्च, शनिवार
आज जे झालं ते घरी कोणाला सांगितलं नाही. सांगावं की नाही...

दुपारी देशकरांकडं होतो. पिक्चर चालू. कापड सारून एक मुलगा आत आला. चोवीस-पंचवीसचा, चष्मा, हातात पिशवी. "नमस्कार. गांधीबागेत दुकानात असतात ते वसंतराव, पलीकडच्या घरातले, ओळखता ना त्यांना?"

देशकरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नाही.

"त्यांच्या घरी नाही जायचं मले," मुलगा म्हणाला. "मी वर्ध्याचा, अविनाश. आमचं तिथं जमून राहिलं. म्हटलं आजूबाजूला जरा विचारून पाहावं. आईले माहीत नाही मी आलो ते." प्रामाणिक. लाजतही होता.

देशकर म्हणाले, "बसा, पाणी आणतो," अन् जे आत गेले ते बाहेरच येईनात.

मुलगा बसला. अंधाराची सवय झाल्यावर पडद्याकडं पाहायला लागला. पाण्यातल्या राक्षसाखाली डबकं झालं तसा हसला. त्याला अंग्रेजी चांगलं येतं. मालकीण काय म्हणते, म्हातारा काय म्हणतो, मला न विचारता सांगायला लागला. मग मेजवानी. जबडा पडला. मुलगा खो खो हसला.

"ती बायको काय म्हणते ऐकलं का काका? म्हणते, दहा वर्षं झाले सांगून राहिली, हसताना तोंडावर हात ठेवत जा!"

मी एवढे दिवस समजत होतो, ती म्हणते, असू द्या, काही नाही झालं. तसं नाहीच ते. ती खेकसते त्याच्यावर! मला जे हसू फुटलं, आवरेना. पंचा तोंडाशी धरला. तोही हसत होता. हसता हसता त्यानं माझ्याकडं पाहिलं अन् पंचा खाली आला होता.

थांबला. नजर फिरवली नाही पण. म्हणाला, "काय झालं होतं काका?"

पाटीवर लिहिलं: कॅन्सर. जबडा काढला.

"दुखते अजून?"

लिहिलं: हसताना.

"मग हे कायले पाहता?" असं म्हणून पुन्हा हसला. मीही.

मग हळूच विचारलं त्यानं. "तुम्ही ओळखता का त्या वसंतरावांना? मुंबईले आहेत म्हणतात. आजार काय, कोणी सांगून नाही राहिलं. मुलगी कशी आहे?"

लिहिलं: मुलगी चांगली. हुशार. मनानं साफ.

"अन् वडील?"

पेन्सिल अडली. मग लिहिलं: बोलका माणूस होता.

"होता?"

मी बाहीनं पुसलं अन् लिहिलं: आहे.

तो पाटीकडं बराच वेळ पाहत होता. काय समजला देव जाणे. "येतो काका," म्हणून वाकून नमस्कार केला अन् गेला.

देशकर पाण्याचा पेला घेऊन दारात उभे. "काहून नाही सांगतलं गा? वसंतराव? एवढा चांगला पोरगा, काहून नाही सांगतलं?"

२ मार्च
दिवसभर तेच. मी स्वतःच स्वतःला मुंबईला पाठवलं. शोभीला बोल कसा लावू?

५ मार्च
शोभीला सांगितलं. सुमन किराण्याला गेली होती. पाटी चार वेळा भरली अन् पुसली.

"त्यानं पाहिलं तुम्हाले?"
हो.
"काय म्हणाला?"
पिक्चरला हसला. दुखते का विचारलं.

ती खालीच बसली, उंबऱ्यावर. मग रागावली. "तुम्ही कशाले जाऊन बसता तिथं? रोज रोज काय आहे त्या राक्षसांमध्ये?" मग म्हणाली, मी खोटं काहून बोलले मलेच माहीत नाही, मामा माझ्याकडं पाहून राहिले होते, अन् तोंडातून निघून गेलं.

मी लिहिलं: मलाही तसंच झालं.

मग जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "बाबा, तुम्हाले वाटते मी तुमच्या तोंडाले भेते. तसं नाही. तुम्ही जेवताना घासाकडं पाहतच नाही. तुम्ही आमच्याकडं पाहता. कोण पाहते, कोणाले किळस येते. एकेक घास, एकेकाकडं पाहून. ते नाही पाहवत मले."

पाटी कोरी राहिली. सुमन आली, तिनं पिशवी ठेवली, आमच्याकडं पाहिलं अन् तांदूळ निवडायला बसली.

६ मार्च
जेवताना वाटीकडंच पाहायचं ठरवलं. दोन घास जमलं. तिसऱ्याला मान आपोआप वर. खरं बोलली पोरगी. गादीवर बावीस वर्षं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहण्यात गेली, मालाकडं कधी पाहिलं.

शोभी आज दाराच्या अलीकडं बसली होती. आत नाही, बाहेरही नाही. पाठ माझ्याकडं.

१२ मार्च
पिक्चर गेला.

देशकरांनी पुसून त्यावर कोणाच्या तरी लग्नाचं शूटिंग भरलं. लग्नसराई, कोरी कॅसेट मिळेना, अन् ही कोणी नेत नव्हतं. सांगताना माझ्याकडं पाहवेना त्यांना. "चुकलं माझं. तुम्हाले विचारायले पाहिजे होतं. मले वाटलं तुमचं पाहून झालं."

लावून दाखवली. बँड, घोड्यावर नवरा, जेवणाच्या पंगती. नवरदेवाचा काका कॅमेऱ्याकडं पाहून जिलेबी खातो. लग्न आटोपल्यावर मुंग्या, अन् एकदम आमची वरात, डोंगर उतरताना. मिनिटभर. मग पुन्हा मुंग्या. ज्यांचं लग्न आहे ते पाहतील तेव्हा म्हणतील, हे कोणाकडचे पाहुणे.

देशकर म्हणाले, दुसरी मागवतो मुंबईहून. पण त्यांना नाव माहीत नाही अन् मलाही. अंग्रेजी अक्षरं होती पहिल्यांदा, कधी नीट वाचली नाहीत.

चिडलो नाही. घरी येऊन झोपलो. संध्याकाळी उठवलं तरी उठलो नाही.

१६ मार्च
शोभीनं अविनाशला पत्र लिहिलं. मला दाखवलं. एकच पान. बाबा मुंबईला नाहीत, इथंच आहेत, तोंडाचं ऑपरेशन झालं आहे, मी खोटं बोलले. व्हिडिओच्या दुकानात तुमच्याशेजारी बसले होते ते माझे बाबा. तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा.

दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं. मी बोट ठेवलं, तिनं दुरुस्त केलं.

पत्त्यासाठी विचारलं तेव्हाच बाळासाहेबांना कळलं होतं, आज निरोप आला काटोलहून. फार संतापले. "जमलेलं मोडून राहिली पोरगी." सुमन रडली. शोभी स्वतः जाऊन पत्र पेटीत टाकून आली.

माझ्याच मनात आलं, नसतं टाकलं तर बरं झालं असतं. लाज वाटते लिहायला, पण आलं.

२३ मार्च
उत्तर नाही. वर्धा काही लांब नाही.

दाढी करताना डाव्या कानाखाली बोटाला गाठ लागली. हरभऱ्याएवढी. चांगल्या बाजूला. पुन्हा चाचपली. आहे.

कोणाला सांगितलं नाही.

२६ मार्च
धुळवड. दारं लावून बसणार होतो. देशकरांनी ओढून बाहेर काढलं. गल्लीतली सगळी काळी-निळी-चंदेरी तोंडं. मलाही फासलं, कपाळापासून गळ्यापर्यंत. तासभर कोणी थबकून माझ्याकडं पाहिलं नाही. एक बाई तर मला दुसराच कोणी समजून शिव्या देऊन गेली. ऑगस्टनंतर चांगला म्हणावा असा हा एक तास.

मग सुमन न्हाणीत रंग काढून देत होती. बेसन लावून, हळूहळू. कानाखाली तिचा हात थांबला. पुन्हा तिथंच आला. "हे कधीपासून?"

मी बोटानं सांगितलं, तीन दिवस.

ती पाणी घालत राहिली. रंग केव्हाच गेला होता.

३० मार्च
सुमननं शोभीला सांगितलं असावं. जेवताना आज ताट घेऊन समोर बसली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, मी तिच्याकडं पाहिलं नाही. दोघंही आपापल्या अन्नाकडं पाहत जेवलो. वरण गळ्यावर सांडलं, मी पुसलं. तिनं लोणचं मागितलं सुमनला.

बाळासाहेब म्हणतात, वर्ध्याचे दुसरीकडं पाहून राहिले असं ऐकलं. खरं-खोटं माहीत नाही.

३ एप्रिल, गुरुवार
दवाखान्यातून लिहितो. बाकावर. दहाला आलो, आता साडेबारा.

सुमन यायला निघाली होती, शोभी म्हणाली, "आई तू राहू दे, मी जाते." परीक्षा पंधरा दिवसांवर. मी नको म्हटलं, ऐकलं नाही.

बसमध्ये माझ्या उजव्या बाजूला बसली. त्या बाजूला कोणी बसत नाही.

चिठ्ठीच्या खिडकीवर माणसानं विचारलं, "पेशंटसोबत कोण?" मागं चाळीस जण रांगेत. शोभी मोठ्यानं म्हणाली, "मी. मुलगी." त्यानं मला आजार काय म्हणून विचारलं. मी सांगायला लागलो, त्याला कळेना. "हे काय म्हणून राहिले?" शोभी म्हणाली, "बाबा म्हणतात गाठ दहा-बारा दिवसांपासून आहे, दुखत नाही." बरोबर तेच म्हटलं होतं मी. शब्दासकट. मी पाहतच राहिलो तिच्याकडं. कधीपासून समजतं हिला?

तरुण डॉक्टरनं मान बराच वेळ चाचपली. डाव्या बाजूला, उजव्या, पुन्हा डाव्या. "आधी कधी लक्षात आली?" मग "थांबा जरा, मोठ्या डॉक्टरांना दाखवू." त्याच्या तोंडावरून काही कळेना. मला कळायला पाहिजे होतं, मी तोंडं वाचण्यात जन्म काढला.

बाहेर आलो. शोभीनं पुस्तक काढलं, वाचत नाही. पानं उलटते. मघाशी म्हणाली, "आज टपाल आलं असेल घरी." मग म्हणाली, "नसलं आलं तरी चालते."

ऊन वाढलं. बाकावरचे लोक सावलीसाठी सरकत आहेत, आम्हीही सरकलो.

"काय लिहून राहिले एवढं?"
"काही नाही," म्हटलं. तोंडानं.
"बरं," म्हणाली.

दार उघडलं. आमचं नाव नव्हतं. अजून दोघं आहेत आमच्यापुढं.